लॅपटॉपची अशी बॅग सुचवा जी चारचौघांत छान दिसेल आणि सिक्युरिटीत तारांबळ उडवणार नाही

चाफेकळी
नमस्कार मंडळी, मी पुण्यात राहते आणि गेल्या जूनपासून जवळजवळ दर सोमवारी पहाटेच्या फ्लाइटने दिल्लीला जाते, गुरुवारी रात्री परत. कंपनीने दिलेली काळी सॅक आहे, मजबूत आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण क्लायंटकडे मी बहुतेक वेळा साडी नेसून जाते आणि सॅकचा पट्टा खांद्यावर आला की पदराच्या निऱ्या पार चुरगळतात, पिन ओढली जाते, एका मंगलगिरीला तर पिनेपाशी चक्क भोक पडलंय. त्यामुळे आता हातात किंवा खांद्याला अडकवायची नीट देखणी बॅग घ्यायची असं ठरवलंय.

पण नुसती देखणी नको, कारण खरा वैताग सिक्युरिटीचा आहे. माझ्याकडे दोन लॅपटॉप असतात, एक आमचा आणि एक क्लायंटचा, दोन्ही १४ इंची. सॅकमध्ये त्यांचा कप्पा सगळ्यात आत, त्याच्यापुढे डबा, मग छत्री, मग चार्जरचा गुंता. पहाटे साडेचारला मागे पन्नास माणसं उभी असताना आधी डबा काढा, छत्री काढा, मग लॅपटॉप ओढा, तो अर्ध्यात अडकतो, तोवर मागचा माणूस आपला ट्रे पुढे ढकलतो. आणि एवढं करूनही तीनदा जावं तर दोनदा माझी बॅग बाजूला काढतात आणि पुन्हा सगळी उपसायला लावतात. त्यानंतर गेट गाठेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो.

बजेट ७-८ हजार. सोबत छोटी केबिन ट्रॉली असते. लेदर घेऊ का? पावसाळ्यात टिकेल का? आणि ते सिक्युरिटीला चालणारी बॅग म्हणून जे विकतात त्यात काही तथ्य आहे का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

भटक्या_कोथरूड
ताई, मीही आठवड्याला दोन फ्लाइट करणारा, म्हणून आधी हे सांगतो की दुकानात बॅग खांद्याला लावून आरशात बघू नका, आधी तुमचे दोन्ही लॅपटॉप घेऊन जा आणि तिथल्या काउंटरवरच ट्रे समजून तालीम करा. बॅग उभी ठेवायची, एका हाताने चेन उघडायची, दुसऱ्या हाताने लॅपटॉप बाहेर. बॅग आडवी पडली किंवा दुसरं काही आधी काढावं लागलं तर ती बॅग कितीही सुंदर असली तरी तुमच्या कामाची नाही. लॅपटॉपचा कप्पा पाठीच्या बाजूला, स्वतंत्र चेनचा पाहिजे, म्हणजे बाकीच्या सामानाला हात लावावा लागत नाही. दोन लॅपटॉप असतील तर मध्ये मऊ पडदा असलेला कप्पा बघा, नाहीतर एकाच्या कडेने दुसऱ्याच्या झाकणावर ओरखडे येतात.

अजून एक, १४ इंच हे स्क्रीनच्या कर्णाचं माप असतं, लॅपटॉपच्या रुंदीचं नाही. माझा १४ इंची मॅकबुक प्रो ३१ सेंमी रुंद आणि २२ सेंमी उंच आहे. दुसऱ्या कंपनीचा १४ इंची थोडा मोठा निघू शकतो, म्हणून घरून टेपने मोजूनच जा.

वजनाचंही बघा. इंडिगोत केबिन बॅग ७ किलो आणि त्याशिवाय लॅपटॉप बॅग किंवा पर्स ३ किलोपर्यंत चालते. दोन लॅपटॉपच तीन किलोच्या आसपास जातात, त्यामुळे रिकामी बॅग दीड किलोची घेतली तर हिशोब तिथेच संपला. चार्जर आणि डबा ट्रॉलीत टाका.

न्यूजर्सीकर
तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे कारण मी ती बॅग वापरलीये. २००८ मध्ये इथे अमेरिकेत टीएसएने, म्हणजे इथल्या विमानतळांवर तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, परवानगी दिली की ठराविक रचनेची बॅग असेल तर लॅपटॉप बाहेर काढायची गरज नाही. म्हणजे बॅग पुस्तकासारखी उघडून बेल्टवर सपाट पसरायची, एका पानात फक्त लॅपटॉप, त्या भागात खाली-वर-आत कुठे धातूचं बक्कल, चेन, बटण नाही, खिसा नाही, दुसरी कुठलीही वस्तू नाही. कल्पना चांगली होती, यंत्राला लॅपटॉपचं चित्र स्वच्छ दिसायचं. पण मी तीच बॅग घेऊन मुंबईला आलो तेव्हा सीआयएसएफच्या जवानाने सरळ सांगितलं की लॅपटॉप ट्रेमध्ये वेगळा ठेवा, आणि त्याचं बरोबरच होतं, तो नियम इथला, तिथला नाही. त्यामुळे तुमच्या पुणे-दिल्लीसाठी त्या लेबलचे जास्तीचे पैसे देऊ नका. उलट ती मधोमध उघडणारी बॅग गर्दीत सांभाळायला फार अवघड जाते, दोन्ही पंख लोंबतात.

काही ठिकाणी आता सीटी स्कॅनर, म्हणजे बॅगेचं सगळ्या बाजूंनी चित्र घेणारी यंत्रं, आलेत, ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर लॅपटॉप आणि पाण्यासारख्या वस्तू बॅगेतच राहू देतात. पण तुम्हाला दर आठवड्याला जिथून जायचंय तिथली पद्धत धरूनच बॅग घ्या.

धारावी_९०फूट
लेदरबद्दल मी बोलतो, घरचा धंदा आहे, वडिलांपासून बॅगा शिवतो आम्ही. तुम्ही दुकानात गेलात की जेन्युइन लेदर असा शिक्का दाखवतील, त्या शिक्क्यावर जाऊ नका, खालच्या थराचं चामडं वर रंगाचा जाड लेप देऊन विकलं तरी तो शिक्का मारता येतो. फुल ग्रेन, म्हणजे चामड्याचा न घासलेला सगळ्यात वरचा थर, मागा. ओळखायचं कसं, तर कप्प्याच्या आतली न रंगवलेली कड बघायची, तिथे चामड्याचे तंतू दिसले पाहिजेत, कापडाची जाळी दिसली तर ते रेक्झिन किंवा पीयू, म्हणजे नकली चामडं. आणि अंगठ्याने दाबलं की खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात आणि सोडलं की परत जातात, पीयूवर नुसता खड्डा पडतो.

पीयू वाईट दिसतं असं नाही, नवीन असताना फार छान दिसतं, पण आपल्या दमट हवेत त्याचा वरचा पापुद्रा सुटायला लागतो, दोन-तीन पावसाळ्यात पट्ट्याच्या वळणावर खपल्या पडतात आणि मग त्याला काही इलाज नाही, साडीला त्या खपल्या चिकटतात ते वेगळंच. खरं चामडं भिजलं तर कोरड्या फडक्याने टिपायचं, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली वाळवायचं, उन्हात किंवा ड्रायरने अजिबात नाही. बुरशी येते ती बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यामुळे, जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा.

पण खरं सांगू का ताई, दोन लॅपटॉप आणि दर आठवड्याचा प्रवास असेल तर पूर्ण लेदर मी तुम्हाला देणार नाही, जड होईल आणि तुमचा खांदा जाईल. जाड कॅनव्हास किंवा नायलॉनचं अंग आणि हँडल, तळ, कोपरे एवढंच लेदर असं करून घ्या. झीज तिथेच होते आणि देखणेपणही तिथूनच येतं. सायन-बांद्रा लिंक रोडवरच्या दुकानांत सांगितलं तर बरेच जण मागच्या कारखान्यात मापाने शिवून देतात, तुमच्या बजेटमध्ये बसेल. हँडल नुसतं वर शिवलेलं नको, पट्टी बुडाखालून फिरून आलेली पाहिजे, म्हणजे वजन शिवणीवर येत नाही. आणि वर चेन हवीच. मॅग्नेटचं एक बटण असलेली उघड्या तोंडाची टोट दिसते छान, पण बेल्टवर आडवी पडली की लिपस्टिकपासून किल्ल्यांपर्यंत सगळं मशीनच्या आत सांडतं.

नाना_तळेगाव
मी कार्गो स्क्रीनिंगला ७ वर्षं मॉनिटरसमोर बसलोय, त्यामुळे बॅग बाजूला का काढतात ते सांगतो म्हणजे तुमचा राग थोडा कमी होईल. मॉनिटरवर बॅगेचा रंग दिसत नाही, आतल्या वस्तू कशाच्या आहेत त्याप्रमाणे रंग येतात. अन्न, कापड, कागद, प्लॅस्टिक असं काही असलं की नारिंगी, धातू निळा, मधलं काही हिरवं. आणि दाट वस्तू एकावर एक आल्या की तिथे काळपट ठिपका होतो, त्याच्या मागे काय आहे ते कळत नाही. तुमच्या बॅगेत स्टीलचा डबा, त्याला टेकून छत्रीच्या काड्या, त्यावर चार्जरचा ठोकळा आणि वायरीची वेटोळी, म्हणजे बसलेल्या माणसाला समोर बॅटरी, वायर आणि न दिसणारा डबा एवढंच दिसतं. त्याने ती उघडून बघितलीच पाहिजे बेटा, ते त्याचं काम आहे.

म्हणून चार्जर, केबल, माउस, पॉवर बँक हे सगळं एका पाऊचमध्ये, आणि तो पाऊच लॅपटॉपबरोबर ट्रेमध्ये. स्टीलच्या ऐवजी प्लॅस्टिकचा डबा. लांब पट्टा असेल तर आत खोचून मग बेल्टवर ठेवा, रोलरमध्ये अडकतो.

पॉवर बँक ट्रॉलीत ठेवू नका, तुमच्या या हातातल्या बॅगेतच ठेवा. विमान भरलं की गेटवर ट्रॉली घेऊन खाली पोटात टाकतात आणि पॉवर बँक तिथे चालत नाही, मग शिडीपाशी ट्रॉली उघडावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंत विनापरवानगी नेता येते, २०,००० एमएएचची साधारण ७४ होते, म्हणजे काही अडचण नाही. फक्त त्यावरचा आकडा पुसलेला नसावा.

सायली_बेलापूर
नानांना +१. मला फक्त रंगाबद्दल सांगायचंय कारण त्याकडे लोक हौस म्हणून बघतात आणि मला ती गरज वाटते. दोन वर्षांपूर्वी एका विमानतळावर माझी झडती जरा लांबली आणि तेवढ्या वेळात एक गृहस्थ माझा लॅपटॉप उचलून गेले, त्यांचा तसाच, त्याच कंपनीचा, तोच राखाडी रंग. ट्रेमध्ये त्यांचा राहिला होता, उघडला तर पासवर्डच्या पडद्यावर अनोळखी नाव. पायाखालची जमीन सरकली. अनाउन्समेंट झाली, ते बिचारे धावत परत आले, फ्लाइट मिळाली, पण त्या वीस मिनिटांत मी किती वेळा मनात ऑफिसला मेल लिहिला ते मलाच माहीत.

तेव्हापासून लॅपटॉपच्या झाकणावर आणि बुडाला दोन्हीकडे वारलीचं स्टिकर आहे, कारण ट्रेमध्ये तो कुठल्या बाजूने पडेल सांगता येत नाही. आणि बॅग गर्द आमसुली रंगाची. बेल्टवर काळ्या आणि निळ्या बॅगांची रांग येत असते त्यात माझी दुरून दिसते, कोणी चुकून उचलत नाही. तू मोहरी, गुलबक्षी, मोरपंखी असं काही घे गं, साडीवरही शोभेल.

चाफेकळी
सगळ्यांचे मनापासून आभार, किती मायेने लिहिलंत. शनिवारी दोन्ही लॅपटॉप घेऊन एमजी रोडवर गेले आणि भटक्यादादांनी सांगितलेली तालीम खरंच केली. पाच बॅगा बघितल्या, त्यातल्या तीन चेन उघडताच पुढे कोलमडल्या, आणि एकीत लॅपटॉप जात होता पण वरची चेन कोपऱ्यावर घासत होती. जिच्यावर मन बसलं होतं ती सुंदर तपकिरी टोट, तिला वर चेनच नव्हती, सोडून आले.

आता धारावीला जाऊन शिवूनच घ्यायची असं ठरलंय. मोरपंखी कॅनव्हास, तपकिरी लेदरचा तळ आणि हँडल, पाठीला ट्रॉलीच्या दांड्यात अडकवायची पट्टी म्हणजे खांद्यावर काहीच नको. धारावीदादा, एवढं सांगा की ती पट्टी उभी शिवायची की आडवी? माझ्या ट्रॉलीचा दांडा १७ सेंमी रुंद आहे. आणि लॅपटॉपचा कप्पा त्याच बाजूला येतोय, तर पट्टी दांड्यात अडकलेली असतानाच त्याची चेन उघडता येईल का?

धारावी_९०फूट
आडवी, आणि १७ च्या दांड्याला १९ सेंमी मोकळी ठेवा, दोन्ही बाजूंना दुहेरी शिवण. चेन पट्टीच्या वर चार बोटं ठेवायला सांगा, मग बॅग ट्रॉलीवर असतानाच लॅपटॉप सरळ वर निघेल. येताना दोन्ही लॅपटॉप घेऊन या, कापड कापायच्या आधी मापाला लागतील.