मदत हवी आहे: विमानात पॉवर बँक पेटली तर आधी पाणी की आधी हॅलॉन? (उद्या सकाळी ड्रिल!)

उडती_चिमणी (धागाकर्ती), रात्री ८.१२
केबिन क्रूचं ट्रेनिंग करतेय. लिथियम बॅटरी फायरच्या ड्रिलमध्ये दोनदा नापास झाले. पहिल्यांदा बीसीएफ (म्हणजे हॅलॉन, आग विझवायचा वायू) मारलं, नापास. दुसऱ्यांदा पाणी ओतलं, तरी नापास. सर म्हणतात मॅन्युअल वाच. वाचलंय हो! त्यात दोन्ही दिलंय. उद्या ९ ला शेवटचा चान्स आहे. एका वाक्यात सांगा, आधी पाणी की आधी हॅलॉन? सल्ले नकोत, उत्तर हवंय.

अण्णा_वाघोली, ८.२०
पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिनमध्येच न्यावी. १०० वॉट-अवरपर्यंत कुणाला विचारायला लागत नाही, १०० ते १६० असेल तर एअरलाइनची परवानगी, त्यापुढे नाहीच. हिशोब सोपा आहे: २०००० एमएएच गुणिले ३.७ भागिले १००० म्हणजे ७४. बिनधास्त न्या.

उडती_चिमणी, ८.२२
काका, मला न्यायची नाहीये. विझवायची आहे.

रोह्याचा_फिटर, ८.३१
केमिकल कंपनीत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच फायर टीममध्ये. लिथियमवर पाणी?? नववीत सोडियमचा तुकडा पाण्यात टाकून दाखवला होता ना मास्तरांनी? लिथियम त्याचाच भाऊ. कोरडी वाळू नाहीतर ड्राय पावडर, विषय संपला. पाणी ओतायला शिकवणाऱ्याला आधी नापास करा.

सोल्डरिंग_वाला, ८.४०
दादा, विषय इतक्यात नाही संपत. पॉवर बँकेत लिथियम-आयन सेल असतात, त्यात सोडियमसारखा धातूचा तुकडा नसतो. पेटतं ते आतलं इलेक्ट्रोलाइट, ते ज्वलनशील द्रावण आहे. सेल एकदा ठरावीक तापमानापुढे गेला की तो स्वतःच स्वतःला तापवत सुटतो आणि शेजारच्या सेललाही घेऊन जातो. एका पॉवर बँकेत दोन-चार सेल असू शकतात. हॅलॉन ज्वाळा मारतं, पण गार करत नाही. म्हणून विझली असं वाटतं आणि दोन मिनिटांनी पुढचा सेल फुटतो. गार करायला पाणीच.
आणि विमानात वाळूची बादली टांगणार कुठे?

रोह्याचा_फिटर, ८.४४
कुठे टांगायची ते विमानवाल्यांनी बघावं. मी तत्त्व सांगितलं.

तीन_नंबरचा_दरवाजा, ८.५२
अकरा वर्षं क्रूमध्ये होते, आता नाशिकला घरी. चिमणी, ज्वाळा होत्या की नुसता धूर? वस्तू कुठे होती, सीटवर की ओव्हरहेड बिनमध्ये (डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात)? चार्जिंगला लावलेली होती का?

उडती_चिमणी, ८.५५
त्याने काय फरक पडतो? पॉवर बँक आहे, पेटलीये. पाणी की हॅलॉन??

तीन_नंबरचा_दरवाजा, ८.५८
सगळा फरक त्यानेच पडतो. ज्वाळा दिसत असतील तर आधी हॅलॉन, ज्वाळा बसल्या की लगेच पाणी. ज्वाळा नसतील तर थेट पाणी. झालं एका वाक्यात उत्तर, जरा लांबलं. पण दोनदा नापास तेवढ्यासाठी केलं असेल असं वाटत नाही मला. तू नक्की काय काय केलंस ते पहिल्यापासून लिही.

घाटमाथा, ९.०३
मुळात एवढी धोकादायक वस्तू केबिनमध्ये माणसांच्या मांडीवर ठेवायचीच कशाला? खाली सामानात टाका ना.

सोल्डरिंग_वाला, ९.०९
खाली पेटली तर कोण जाणार? तिथली हॅलॉनची यंत्रणा ज्वाळा दाबेल, सेल गार करायला माणूस पोचणार नाही. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईजवळ यूपीएसचं ७४७ मालवाहू विमान पडलं. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, कॉकपिट धुराने भरलं, दोन्ही वैमानिक गेले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानाच्या पोटात लिथियम-आयनचे खोके कार्गो म्हणून बंद झाले. केबिनमध्ये निदान कुणाच्या तरी नाकाला वास लागतो.

अण्णा_वाघोली, ९.१२
माझ्या पुतण्याची ई-स्कूटर सोसायटीच्या पार्किंगमध्ये धुमसली होती. वॉचमनने पाइप लावला, तासाभराने परत पेटली!

उडती_चिमणी, ९.१५
स्कूटर नाही हो काका 🙏
सांगते. १४सी सीट, यूएसबीला लावलेली. पहिल्या ड्रिलमध्ये ज्वाळा होत्या. बीसीएफ मारलं, विझली, मग गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकघरात) नेऊन बर्फाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. दुसऱ्यांदा धूर होता म्हणून उचलून पळत गॅलीत नेली आणि सिंकमध्ये पाणी ओतलं. हे सगळं बरोबरच आहे ना, म्हणून लिहिलं नव्हतं.

तीन_नंबरचा_दरवाजा, ९.१९
अगं बाई. सापडलं.
धुमसणारी वस्तू उचलायची नाही. तुझ्या हातात फुटली तर तू गेलीस कामातून, आणि वाटेत चौदा ते मागच्या गॅलीपर्यंतच्या सगळ्या प्रवाशांच्या डोक्यावरून तू ती आग फिरवलीस. जिथे आहे तिथेच ठेव, माणसं हलव. सीटची पॉवर बंद करायला सांग, सुरक्षित वाटलं तर वायर काढ. मग पाणी, भरपूर. पाणी कमी पडलं तर ज्यूस, सोडा, कोक काहीही चालतं, दारू सोडून. ओतून पाठ फिरवायची नाही, पुन्हा पेटते का बघत उभं राहायचं. १०-१५ मिनिटांनी शांत झाली की ग्लव्ह्ज घालून पाण्याच्या डब्यात बुडवायची, डबा लॅवमध्ये (टॉयलेटमध्ये), आणि तिथेही अधूनमधून नजर.
बर्फ तर अजिबात नाही. बर्फाचे तुकडे नुसते पांघरूण होतात, उष्णता आत कोंडते. ब्लँकेट टाकणारेही असतात, तेही तसंच.

रोह्याचा_फिटर, ९.२६
बर्फाचं पटलं. उष्णता कोंडते हे आम्हीही शिकवायचो. पण पाण्याचं अजून पटत नाही. आणि ते आगरोधक पिशव्या विकतात त्याचं काय? पेटलेली वस्तू पिशवीत घातली की झालं.

तीन_नंबरचा_दरवाजा, ९.३१
पिशवीत घालायला आधी उचलावी लागते ना दादा. गार झाल्यावर पिशवी ठीक, आधी नाही.
चिमणी, अजून एक. तू एकटीनेच सगळं केलंस का? कॅप्टनला कुणी कळवलं?

उडती_चिमणी, ९.३४
ड्रिलमध्ये पार्टनर होती. ती माझ्या मागे पळत होती.

तीन_नंबरचा_दरवाजा, ९.३६
😂 तिघींचं काम आहे ते. एक आगीशी, एक इंटरकॉमवर कॅप्टनशी, तिसरी पाणी, पीबीई (धुरात श्वास घ्यायचा मुखवटा), ग्लव्ह्ज पुरवायला. मागे पळणारी चौथी कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. तू आगीशी असशील तर ओरडून दुसरीला नेमून दे, परीक्षक तेच ऐकायला उभा असतो.
उद्या ओव्हरहेड बिन दिला तर: दार एकदम उघडायचं नाही. पालथ्या हाताने चाचपायचं किती तापलंय. फट फक्त बीसीएफचं नोझल जाईल एवढी, मारायचं, लगेच बंद. वस्तू दिसायला लागली की मग पाणी.

पार्ल्याची_काकू, ९.४१
विमानाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. लेकीसाठी मस्कतला सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेत होते, विमानतळावर बॅगेतून काढून ठेवल्या. खोबऱ्यात कुठली बॅटरी?

घाटमाथा, ९.४४
झालं, धागा खोबऱ्यावर आला. काकू, सुकं खोबरं तेलकट, आपोआप तापू शकतं म्हणून धोकादायक मालाच्या यादीत आहे.
बाकी बिनचा मुद्दा खराच. २८ जानेवारी २०२५ ला बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं ए३२१ बिनमधून पेटलं, संशय पॉवर बँकेवर. नशिबाने जमिनीवरच होतं, सगळे १७६ जण उतरले. त्यानंतर १ मार्चपासून कोरियाने पॉवर बँक बिनमध्ये ठेवायला बंदी घातली. अंगावर किंवा समोर ठेवा म्हणतात.

उडती_चिमणी, ९.५२
लिहून घेतलं. उचलणं आणि बर्फ, दोन्ही सर सांगू शकले असते ना? असो. झोपते.

उडती_चिमणी, दुसऱ्या दिवशी ११.४०
पास!! बिनच दिला. पालथा हात विसरले, तळवा लावला, त्याचे गुण कापले. पण पार्टनरला "तू कॅप्टनला सांग" असं एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातून माणूस बघायला आला. तीन नंबर ताई, खूप खूप थँक्यू.

तीन_नंबरचा_दरवाजा, ११.४८
शाब्बास. त्या हाताला आता कायमचं लक्षात राहील.

रोह्याचा_फिटर, १२.०५
अभिनंदन बाळा. वाळूचं मत मात्र कायम.

पार्ल्याची_काकू, १२.१०
अभिनंदन गं! आणि खोबरं किसून नेलं तर?