मदत हवी आहे: मिउरा घडीचा कागद वजन ठेवलं की पसरतो, थांबवायचा कसा?

ओरिगामीवाले आणि कोणी स्ट्रक्चरवाले असतील तर प्लीज बघा. सध्या कागदाच्या घड्यांवर वजन पेलायचं खूळ डोक्यात शिरलंय. नियम एवढाच, एक ए४ कागद, गोंद नाही, चिकटपट्टी नाही. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए४ म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम, त्याच्यावर जाडजूड पुस्तकं उभी राहिली की भारी वाटतं.

चुण्या घालून शेवटची चुणी पहिलीत अडकवून उभा गोल केला तर वजन बऱ्यापैकी घेतो, पण एक चुणी वाकली की सगळंच बसतं, काही पूर्वसूचना वगैरे नाही. म्हणून मिउरा घडीकडे वळलो. नागमोडी रेघांत तिरक्या चौकोनांची, जपानी शास्त्रज्ञ कोर्यो मिउरांची, तीच, १९९५ मध्ये जपानच्या उपग्रहावर सोलर पॅनेल उलगडायला वापरलेली.

आता खरी गोची. घडी आडवी ठेवून वर पुठ्ठा आणि त्यावर पुस्तकं ठेवली की कागद चुरगळत नाही, तर लांबी आणि रुंदी दोन्हीकडे सरकत सरकत सपाट होतो, आणि वजन काढलं की अर्धवट परत उठतो, घड्या शाबूत! म्हणजे कागद हरत नाहीये, आकार हरतोय. एक कोपरा ओढला की अख्खी घडी उघडते, उपग्रहावर हाच गुण आणि इथे हाच शत्रू. खाली सँडपेपर ठेवला तर बराच टिकतो, पण ती चीटिंग वाटते.

चौकोन साधारण २ सेंमीचे आहेत, कोन ६० अंश. चौकोन लहान करू की जाड कागद घेऊ? १६० जीएसएमला चार घड्या जिथे भेटतात तिथे कागद तडकतो. आणि कडा घडीनेच लॉक करायची काही युक्ती आहे का?

प्रतिसाद १:
सरकणं बंद केल्याशिवाय बाकी सगळं फुकट. सँडविच पॅनेलमध्ये (दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा घातलेली फळी) असा नागमोडी गाभा वरखाली चिकटवलेला असतो म्हणून तो पसरत नाही. तुम्ही घडी अजून मिटवून ठेवा, भिंती जितक्या उभ्या तितका बाहेरचा रेटा कमी. मग वाकायची पाळी भिंतींची, तेव्हा चौकोन लहान करा, पातळ पत्रा असो की कागद, रुंदी निम्मी केली की वाकायला साधारण चौपट ताण लागतो. जाड कागदाला आधी रिकाम्या बॉलपेनने रेघ मारून घ्या, तडकणं कमी होईल.

धागाकर्ता:
रेटा म्हणजे कमानीसारखाच ना? लक्षात आलं. दुसऱ्या कागदाचा उथळ ट्रे करून त्यात बसवला तर? नियम मोडतोय पण फक्त घड्याच आहेत. भिंत मध्ये फुगेल अशी भीती.

प्रतिसाद २:
फुगेलच, काठ आत दोनदा दुमडा. ट्रेची उंची गाभ्यापेक्षा किंचित कमी ठेवा, नाहीतर वजन भिंतींवर जाईल आणि तुम्ही उगाच मिउरांचं कौतुक कराल. आणि कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, बघा, दोन्ही दिशांनी अलगद वाकवा, जिकडे सहज वाकतो तिकडची वाकाची रेघ ग्रेनला समांतर. लांब घड्या ग्रेनच्या बाजूने घातल्या की सरळ पडतात.