विनोदामुळे विज्ञान पातळ होत नाही

विनोद आला की विज्ञानकथेतलं विज्ञान पातळ होतं, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. डग्लस ॲडम्सची 'हिचहायकर्स गाइड' ही विनोदी विज्ञानकथा घ्या. १९७८ साली बीबीसी रेडिओवर मालिका, १९७९ मध्ये पुस्तक. बायपाससाठी घर पाडायला आलेल्या बुलडोझरपुढे कथेचा नायक आर्थर डेंट चिखलात आडवा पडतो. नकाशे म्हणे पाहायला ठेवलेले होतेच, तळघरातल्या कुलूपबंद कपाटात! थोड्याच वेळात अंतराळातल्या बायपाससाठी व्होगॉन नावाचे परग्रहवासी अख्खी पृथ्वी उडवतात. त्याचे आराखडे पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरी या ताऱ्यापाशी लावलेले.

रस्तारुंदीत दारचा कट्टा गेलेल्या कोल्हापूरकराला ही पानं समजावून सांगावी लागत नाहीत. पण अल्फा सेंटॉरी चार प्रकाशवर्षांहून लांब आहे हे ठाऊक असेल, तर त्यातला संताप दुप्पट भिडतो. म्हणजे विनोद उभाच विज्ञानावर आहे. शिवाय सरकारी भाषेवर इतकी बारीक नजर गंभीर कथेत क्वचितच दिसते.

नारळीकरांनी मराठी वाचकाला विज्ञानकथेची गोडी लावली. आता कुणीतरी हा बाज मनापासून हाताळावा. रंकाळ्यात यान उतरलंय आणि काठावर तलाठी पंचनामा करतोय, अशी कादंबरी आली तर मी पहिल्याच दिवशी घेईन.