मदत हवी आहे: संरक्षण खर्च आणि बंदूक कायदा, पक्षांची खरी नोंद कशी तपासायची?

अमेरिकेत पहिल्यांदाच मतदान करणार आहे. भाषणांवर विसंबायचं नाही, दोन्ही पक्षांनी प्रत्यक्षात काय केलं ते बघायचं, असं ठरवून वही घेऊन बसलोय. पण गुंता वाढतच चाललाय.

बंदुकांचंच बघा. १९९४ ची असॉल्ट वेपन्सवरची (लष्करी धाटणीच्या अर्ध-स्वयंचलित बंदुकांवरची) बंदी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीची. तिची मुदत दहा वर्षांची होती, २००४ मध्ये ती संपली आणि काँग्रेसने वाढवलीच नाही. हे कोणाच्या खात्यावर टाकायचं? उलट बंप स्टॉकवर (बंदुकीतून भराभर गोळ्या झाडता याव्यात म्हणून लावायचा जोडभाग) बंदी आणली रिपब्लिकन ट्रम्प सरकारने, आणि २०२४ मध्ये ती रद्द केली सुप्रीम कोर्टाने. २०२२ च्या बंदूक सुरक्षा कायद्याला तर सिनेटमध्ये १५ रिपब्लिकन मतं पडली!

संरक्षण खर्चात आणखीच अडकलोय. दरवर्षीचं मोठं संरक्षण विधेयक बहुतेक वेळा दोन्हीकडच्या मतांनी मंजूर होतं, पण ते फक्त परवानगी देतं. प्रत्यक्ष पैसा वेगळ्या विनियोजन विधेयकातून येतो. मग मी कोणतं मतदान मोजू? आणि खर्च डॉलरमध्ये धरू की जीडीपीच्या टक्क्यांत?

कोणाला मत देऊ, हे विचारत नाहीये. असा तक्ता कुणी आधी केला असेल तर कसा केला, तेवढं प्लीज सांगा.