शनिवारी रात्री घरी, रविवारी अकराला बारा माणसांची मिसळ: कामं कशी बसवायची?

नववी_गल्ली

नमस्कार मंडळी. मुक्काम जयसिंगपूर, नोकरी कोल्हापुरात. सोमवार ते शनिवार सकाळची गाडी धरायची आणि घरात पाऊल पडेपर्यंत रात्रीचे आठ. येत्या रविवारी घरी बारा माणसं आहेत, त्यात दोन लहान मुलं आणि एक आजी. नाष्टा आणि दुपारचं जेवण एकच, अकरा-साडेअकराला. मिसळच करायची आहे, तीही आपल्याकडची, कट (वरचा पातळ तिखट रस्सा) वेगळा वाढून. घरात दोन शेगड्या आणि एक मिक्सर.

अडतं ते असं: दिवसभर घरी कुणी नसताना मटकीला मोड कसे आणायचे? कट आदल्या रात्री करून ठेवला तर चालेल का? आणि कटावर लाल तवंग का येत नाही? रंग आतच राहतो आणि वर नुसता फेस दिसतो. प्रमाणासकट सांगितलंत तर उपकार होतील.

मोडाची_मटकी

मटकीचं सांगते. बारा जणांना अर्धा किलो कोरडी मटकी पुरते. मोड आल्यावर ती सव्वा किलोच्या आसपास भरते. मिसळीत मटकी ताटलीच्या तळाला असते, उसळीसारखी वाटीभर लागत नाही.

शुक्रवारी सकाळी भिजत घालून रात्री आठला उपसली तर बारा-तेरा तास पाण्यात राहते. उन्हाळ्यात तेवढ्यात पाणी फेसाळतं आणि मटकीला आंबूस वास धरतो. म्हणून गुरुवारी रात्री झोपताना भिजवा, तिप्पट पाण्यात. शुक्रवारी सकाळी गाडीला निघण्याआधी उपसून दोन पाण्यांनी धुवा आणि चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या. आता मोठ्या ताटात पसरून हात फिरवा. न भिजलेले दाणे बारीक, गडद आणि चकचकीत दिसतात, बोटाला खड्यासारखे लागतात. ते आत्ताच वेचा. शिजवूनही ते मऊ होत नाहीत आणि नेमके आजींच्या दाताखाली येतात.

मग ओलं करून घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात सैल बांधा आणि चाळणीतच ठेवून वर ताट झाका. स्टीलच्या बंद डब्यात ठेवू नका, हवा मिळत नाही, तळाला पाणी साचतं आणि मटकी बुळबुळीत होते. शुक्रवारी रात्री घरी आल्यावर फडक्यावर पाण्याचा एक हबका मारायचा, बस्स. शनिवारी सकाळी मोड बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत आलेले असतील. तसेच डब्यात घालून फ्रीजमध्ये टाका. थंडीचे दिवस असतील तर शनिवारी रात्रीपर्यंत बाहेरच राहू दे.

एवढं करूनही मोड येत नसतील तर मटकी जुनी आहे. नवी मटकी दिवाळीच्या सुमाराला बाजारात येते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात विचारून घ्या, पाकिटातली किती जुनी आहे ते कळत नाही.

रविवारी कुकरला लावू नका, एका शिट्टीतही पीठ होतं. उघड्या पातेल्यात दोन लिटर पाणी उकळून त्यात हळद, हिंग आणि मटकी घाला. आठ-दहा मिनिटांत दाणा दोन बोटांत दाबला की फुटतो, पण आकार सोडत नाही. तिथे गॅस बंद, मीठ घाला आणि पाच मिनिटांनी उपसा. ते पाणी टाकू नका, कटात जायचं आहे.

तवंग_हवा

कट मी सांगतो. माणशी पाऊण वाटी धरून चालत नाही, लोक तीनदा मागतात. माणशी ४०० मिली धरा, म्हणजे बारा जणांना जवळपास पाच लिटर. पातेलं आठ लिटरचं घ्या.

साहित्य: कांदे १ किलो, सुकं खोबरं २५० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, लसूण १०० ग्रॅम, आलं ४० ग्रॅम, टोमॅटो ४, देठांसकट कोथिंबीर एक जुडी, तेल ४०० मिली, कांदा-लसूण चटणी (आपलं साठवणीचं मसाल्याचं तिखट) १०० ग्रॅम, ब्याडगी मिरचीची पूड ३ मोठे चमचे. रंग ब्याडगीचा, तिखटपणा चटणीचा. रंगासाठी चटणी वाढवत गेलात तर नुसतं जाळ होतं. खोबऱ्याचा तुकडा आधी चावून बघा. खवट असेल तर पाच लिटर कट त्यानं वाया जातो आणि मसाला कितीही घातला तरी तो वास झाकत नाही.

कांदा उभा चिरून १५० मिली तेलात तपकिरी होईपर्यंत परता. पांढरा राहिला तर कट गोडसर लागतो. खोबरं आणि तीळ वेगवेगळे कोरडे भाजा, कारण दोघांना लागणारा वेळ सारखा नाही. लसूण-आलं शेवटी, नुसता कच्चा वास जाईपर्यंत. टोमॅटो सोडून सगळं गार झाल्यावर कमीत कमी पाण्यात अगदी गंधासारखं वाटा. टोमॅटो वेगळे वाटा.

आता तुमचा तवंगाचा प्रश्न. तिखटाचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. वाटणात पाणी आहे तोवर तेल सुटं होत नाही आणि रंगही सुटत नाही. म्हणून उरलेल्या २५० मिली तेलात वाटण मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं परतायचं, टोमॅटो मधेच घालायचा. सुरुवातीला पातेलं रटरट करतं, पाणी आटलं की आवाज बारीक तडतडीचा होतो. उलथनं मधून ओढलं की मागच्या वाटेत तेल येऊन साचतं. तिथवर गेल्यावरच आच मंद करून चटणी आणि ब्याडगी घाला आणि दोन मिनिटं हलवत राहा. मोठ्या आचेवर कोरडं तिखट टाकलं तर करपतं, कट काळपट आणि कडू होतो, त्याला मग इलाज नाही.

नंतर पाणी कडकडीत गरमच घाला: मटकीचं दीड लिटर आणि वर साधं साडेतीन लिटर. एक उकळी येऊ दे आणि लगेच आच बारीक. अर्धा तास नुसतं मंद हललं पाहिजे. खळखळ उकळत ठेवलं की तेल फुटून रश्शात मिसळतं आणि तुम्ही म्हणता तो फेस येतो. ओलं खोबरं वापरलं तरी तेच होतं, त्याचं दूध तेलाला धरून ठेवतं. दाटपणासाठी बेसन किंवा शेंगदाण्याचा कूट अजिबात नको, कट पातळच असतो. गॅस बंद करून पंधरा मिनिटं झाकून ठेवा, तवंग आपोआप वर येतो.

कट आदल्या रात्रीच उरकून टाका, मुरल्यावर चव वाढते.

रुकडीकर

वरच्या दादांचं सगळं पटलं, शेवटची ओळ सोडून. पाच लिटरचं पातेलं रात्री अकराला झाकून ठेवलं तर मध्यभाग पहाटेपर्यंत कोमट राहतो, आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण त्यात आंबतं. फ्रीजमध्ये ते पातेलं मावत नाही, मावलं तरी लवकर गार होत नाही.

मधला रस्ता चांगला आहे. मसाला शनिवारी परतायचा, पाणी रविवारी घालायचं. चटणी-ब्याडगीसकट परतलेला मसाला दोन डब्यांइतका भरतो. ताटात पसरून गार करा, डब्यात भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. पाणी आटलेलं आणि तेल सुटलेलं असल्यानं रात्रभर काही होत नाही, मुरायचं तेही मुरतं.

मग रविवारचं वेळापत्रक सोपं होतं. नऊला एका शेगडीवर मटकी, दुसरीवर कटाचं पाणी. घरच्या शेगडीवर एवढं पाणी उकळायला अर्धा तास जातो, हे लोक धरत नाहीत आणि तिथेच उशीर होतो. साडेनऊला मटकीचं पातेलं उतरलं की त्या शेगडीवर मसाला गरम करा, तेल पुन्हा सुटू दे, आणि पाणी घाला. सव्वादहाला आच मंद झालेली असते आणि दुसरी शेगडी चहाला मोकळी. शनिवारी येताना बाजार करत बसू नका, कांदे-खोबरं शुक्रवारीच घरात पाहिजे. शनिवारी फक्त शेव, चिवडा आणि कोथिंबीर.

आणखी एक. घरची वर्षाची चटणी असेल तर तिच्यात मीठ आणि गरम मसाला दोन्ही असतं. मटकीच्या पाण्यातही मीठ आहे. त्यामुळे कटात मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून. वरून गरम मसाला नकोच.

नववी_गल्ली

हे जमेल असं वाटतं, मनापासून आभार. आजी आणि मुलांसाठी कट वेगळा करावा लागेल का? पाव किती आणि कधी आणू?

मोडाची_मटकी

वेगळा करू नका. शनिवारी मसाला परतताना चटणी घालण्याआधी वाटीभर बाजूला काढा आणि त्यात फक्त एक चमचा ब्याडगी. रविवारी लहान पातेल्यात लिटरभर पाणी घातलं की त्या तिघांचं झालं, रंगही येतो. उरलेल्या मसाल्याला मग पाणी चार लिटरच घाला. तयार कट तिखट झाला म्हणून साखर किंवा जास्तीचं पाणी घालणं व्यर्थ आहे. ताटलीत दोन चमचे घट्ट दही घाला, तोंडातला जाळ त्यानं खरोखर कमी होतो. दही शनिवारी रात्री विरजा.

आपल्याकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड. माणशी पाच धरून साठ, रविवारी सकाळी बेकरीतून ताजा, भाजायचा नाही. भाजलेली स्लाइस कट पीत नाही.

वाढताना तळाला मटकी, तिच्यावर चमचाभर बटाट्याची सुकी पिवळी भाजी (पाऊण किलो बटाटे पुरतात), मग पोह्यांचा चिवडा आणि शेव मिळून माणशी ५० ग्रॅम, वर कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. कट माणूस पाटावर बसल्यावरच ओतायचा, नाहीतर शेवेचा लगदा होतो. कांदा साडेदहानंतर चिरा, फार आधी चिरून ठेवला तर उग्र होतो.

तवंग_हवा

रुकडीकरांचं बरोबर आहे, मसाल्यापर्यंत शनिवारी आणि पाणी रविवारी, तसंच करा.

वाढताना पळी खालपर्यंत घालून ढवळायची, मग भरायची. नुसता वरचा तवंग वाढत गेलात तर पहिल्या चौघांना सगळं तेल जातं आणि शेवटच्यांना फिकं पाणी. दुसऱ्या पंगतीला कट दाट वाटला तर आधणाचं पाणी घाला, गार नको.

उरलेला कट दुपारीच लहान डब्यांत करून फ्रीजमध्ये ठेवा, सोमवारी रात्री कटवडा होतो. मटकी कटात न मिसळता वेगळी ठेवा. सोमवारी सकाळी मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन दहा मिनिटांत डब्याची सुकी उसळ होते आणि गाडी चुकत नाही.