मदत हवी आहे: खुनाच्या केसमधला आरोपी जामिनावर पळाला, एकुलता साक्षीदार थकत चालला आहे

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितो आहे. 2024 च्या दिवाळीआधी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणात माझ्या मामांचा खून झाला. शेजारच्या वावरातले बाप-लेक आरोपी, न्याय संहितेचं कलम 103. दोषारोप ठेवला तेव्हा दोघंही कोर्टात हजर होते. पुढं लेकाला जामीन मिळाला, काही पेश्यांना आला आणि मग गायब. बाप अजून आतच आहे.

तेव्हापासून वॉरंट 'आरोपी मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत येतं, तारीख पडते, मामीचा दिवस कोर्टाच्या बाकावर जातो. जामीनदार बाजूच्या गावचा आहे, त्याला अजून नोटीससुद्धा नाही.

मला खरी काळजी आमच्या सालदार बाबांची आहे. मामांकडे आयुष्यभर सालानं राहिलेला माणूस, घटना डोळ्यांनी पाहणारे ते एकटेच. उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. बोलताना अडखळतात, पण आठवण पक्की आहे. परवा खाटेवरून वाकून त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं सारवलेल्या जमिनीवर रेघ ओढली: हा धुरा, ही विहीर, मामा इथं पडले. साक्ष द्यायला ते तयार आहेत. उद्या ते राहिले नाहीत तर आमच्या केसमध्ये उरतं काय?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 356 प्रमाणे, फरारी आरोपीचा खटला त्याच्या गैरहजेरीत चालवता येतो असं वाचलं. गुन्हा त्यानंतरचा आहे, म्हणजे नवीनच कायदा लागू. हे प्रत्यक्षात कसं करून घ्यायचं? जाणकारांनी सांगा, लय उपकार होतील.

प्रतिसाद:
भाऊ, 356 लागू होईल, पण नुसतं गैरहजर असणं पुरत नाही. आधी कलम 84 ची उद्घोषणा हवी: गावात सर्वांसमोर वाचून दाखवणं, घराला आणि कोर्टाला प्रत चिकटवणं, हजर व्हायला किमान 30 दिवस. त्यानंतर 'घोषित अपराधी' ठरवायचा. शिवाय 356 साठी किमान 30 दिवसांच्या अंतरानं लागोपाठ दोन वॉरंट, त्याच्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहिरात आणि नातेवाइकाला कळवणं लागतं. दोषारोपानंतर 90 दिवस जाणंही गरजेचं आहे, ते तुमच्याकडे बहुतेक झालेच असतील. यातली एक पायरी जरी कच्ची राहिली तरी वरच्या कोर्टात सगळं उलटू शकतं, म्हणून प्रत्येक कागदाची नक्कल काढून ठेवा. त्याला वकील नसेल तर सरकारी खर्चानं दिला जातो, आणि तो द्यायलाच पाहिजे.

पण बाबांसाठी इतकं थांबू नका. कलम 335 चा अर्ज आजच द्या. आरोपी फरार आहे आणि लवकर सापडायची शक्यता नाही हे सिद्ध झालं की त्याच्या गैरहजेरीत साक्ष नोंदवता येते. पुढं साक्षीदार वारला किंवा साक्ष द्यायच्या स्थितीत राहिला नाही, तर ती लेकाविरुद्ध वापरता येते. बापाचा खटला वेगळा काढून बाबांची साक्ष घेतली तर ती आपोआप लेकाला लागू होणार नाही, त्यासाठी 335 चा आदेश आधी हवा. ही चूक मी होताना पाहिली आहे. बाबांना हलवणं शक्य नसेल तर कलम 319 खाली कमिशन (म्हणजे कोर्टाच्या आदेशानं साक्षीदाराची साक्ष कोर्टाबाहेर, तो असेल तिथं नोंदवणं) मागता येतं, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा. जामीनदारावर 491 ची कारवाई मागा. रक्कम भरायची वेळ आली की तोच लेकाला शोधायला लागतो.

धागाकर्ता:
दादा, मनापासून आभार. 335 चं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आता एकच अडचण: सरकारी वकील साहेबांकडे फाइलींचा ढीग आहे, ते 'पुढच्या पेशीला बघू' म्हणतात. मामीनं स्वतःचा वकील लावून त्यांच्यासोबत उभा केला तर हा अर्ज तो देऊ शकतो का, की सही सरकारी वकिलांचीच लागते? आणि लकवा झालेल्या साक्षीदारासाठी कमिशनचा अर्ज कुणी दिला असेल, तर नावं खोडून मराठी नमुना इथं टाकाल का? पुढची पेशी जवळ आली आहे.