कॅराव्हॅन ओढणाऱ्या फोर बाय फोरला टायर कुठले घ्यावेत: एचटी, एटी की एलटी?

घोडबंदरकर:
टायर बदलायचेत आणि तीन दुकानांत तीन उत्तरं मिळाली, म्हणून इथे विचारतो. गाडी फॉर्च्युनर फोर बाय फोर, मूळ साइज २६५/६० आर१८, लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ११०. नक्षी टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झीज दाखवणाऱ्या, खुणेला टेकत आलीय आणि पाऊस तोंडावर आहे. मागे एका अ‍ॅक्सलची छोटी कॅराव्हॅन असते. पाणी, गॅस, सामान धरून साधारण १२०० किलो, तिला स्वतःचे ब्रेक आहेत. जाणं बहुतेक दापोली-गुहागरकडे, नाहीतर इगतपुरी-नाशिक. एक दुकानदार म्हणतो कंपनीने दिलेत तसलेच एचटी, म्हणजे पक्क्या रस्त्याचे, घाला. दुसरा म्हणतो एटी, म्हणजे पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांना चालणारे, ठोकळ्यांच्या नक्षीचे. तिसरा म्हणतो २६५/६५ चे एलटी, म्हणजे हलक्या ट्रकसाठीच्या जाड बांधणीचे, टाका, गाडी उंच होईल, दिसेलही भारी. दिसण्याशी मला देणंघेणं नाही. घरची माणसं आत आणि सव्वा टन मागे असताना टायरने दगा देऊ नये, एवढंच हवंय. पुढचे दोन अजून बरे आहेत, मग फक्त मागचे दोन बदलले तर चालतील का?

नेरूळवासी:
एचटी घ्या, विषय संपला. ठाण्यातून निघून दापोलीला पोहोचेपर्यंत तुमचं चाक डांबर आणि काँक्रीट सोडून कुठे जातं? शेवटचा एखादा किलोमीटर कच्चा, त्यासाठी बाकी सगळ्या रस्त्यावर तडजोड का करायची? पावसात गायमुखच्या उतारावर पुढचा टेम्पो अचानक थांबला की मागची कॅराव्हॅन गाडीला ढकलते. तिला ब्रेक असले तरी ढकलतेच, कारण ओव्हररन ब्रेक लागतात तेच मुळी ट्रेलरने हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, रेटा दिल्यावर. त्या क्षणी ओल्या रस्त्याला चिकटणारं रबर लागतं. एटीचे ठोकळे सुटे सुटे असतात, ब्रेक मारला की ते वाकतात आणि थांबायला अंतर जास्त लागतं. आवाज आणि डिझेल वेगळंच.

जांभ्याची_वाट:
नेरूळवासी, त्या शेवटच्या एका किलोमीटरनेच माणसं अडकतात हो. कॅराव्हॅन लावायची जागा हॉटेलच्या पार्किंगमध्ये नसते. ती असते आंब्याच्या बागेत, नाहीतर शेताच्या कडेला, आणि तिथवरची वाट म्हणजे जांभ्याचे दगड आणि वर लाल चिखल. नुसती गाडी असेल तर रिव्हर्स मारून निघता येतं. मागे कॅराव्हॅन असताना अरुंद पाणंदीत रिव्हर्स घेऊन दाखवा. ती कात्रीसारखी दुमडते आणि मग पुढेही जाता येत नाही, मागेही नाही. ओल्या गवताच्या चढावर एचटी जागच्या जागी फिरतो, कारण त्याच्या खोबणी चिखलाने भरल्या की साफ होत नाहीत. शिवाय जांभ्याच्या धारदार कडेने साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, कापली गेली तर पंक्चरवाला काहीच करू शकत नाही. साइडवॉलला ठिगळ लागत नाही. माझं मत एलटी एटी. कडा जाड, लोड इंडेक्स ११० च्या जागी १२० च्या आसपास मिळतो. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, १२० म्हणजे १४००. मागे सव्वा टन ओढणाऱ्याने हा फरक सोडू नये.

नेरूळवासी:
लोड इंडेक्सचा बागुलबुवा कशाला? चार टायर गुणिले १०६० म्हणजे ४२४० किलो. गाडी, पाच माणसं आणि सामान धरून तीन टनही होत नाहीत. कॅराव्हॅनचं वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असतं.

खारघर_भटकंती:
सगळं नसतं, दादा. काही वजन हिचच्या गोळ्यावर येतं, साधारण दहा टक्के, म्हणजे इथे १२० च्या आसपास. सोपं जावं म्हणून १०० धरू. हा गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या सव्वा मीटर मागे आहे आणि फॉर्च्युनरचा व्हीलबेस २७४५ मिमी. तरफ लागते. १०० किलो गोळ्यावर ठेवले की मागच्या अ‍ॅक्सलवर साधारण १४५ येतात आणि पुढच्यावरचे ४५ उचलले जातात. त्यात मागची सीट भरलेली, डिकीत पाण्याचे कॅन. म्हणजे चार टायरची बेरीज करून उपयोग नाही, मागच्या दोघांचंच बघायचं. त्यांची मर्यादा २१२०. तेवढ्यात बसतं, पण वाटतं तेवढी ढील राहत नाही. म्हणून ११० च्या खाली जाऊ नये, ११२-११४ मिळाला तर उत्तम. १२० च पाहिजे असं मात्र मला वाटत नाही.

तुर्भे_टायर:
मी याच धंद्यात आहे, रोज हेच बघतो. आधी तिसऱ्या दुकानदाराचं. २६५/६० आर१८ चा व्यास ७७५ मिमी, २६५/६५ चा ८०२. साडेतीन टक्के मोठा टायर म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला. कसारा चढताना मागे वजन असेल तर इंजिनाला ते जाणवणार, आणि मीटरवर १०० दिसेल तेव्हा खरा वेग १०३ च्या पुढे. ओढणाऱ्या गाडीला मोठा टायर घालणं मला पटत नाही.

आता एलटी. जांभ्याची_वाट साहेब, कडा जाड हे खरं. पण तेवढंच वजन उचलायला एलटीला जास्त हवा लागते. ते १४०० किलो टायरवर लिहिलेल्या पूर्ण हवेला मिळतात, दाराच्या स्टिकरवरच्या हवेला नाही. लोक एलटी बसवतात, स्टिकरवरची हवा मारतात आणि समजतात आपण मजबूत झालो. प्रत्यक्षात टायर कमी हवेत चालतो, कडा जास्त वाकते, तापते. आमण्याहून समृद्धी धरून इगतपुरीपर्यंत तापलेल्या काँक्रीटवर न थांबता गेलात तर धोका तिथे आहे. आणि पूर्ण हवा मारून नुसती गाडी ठाण्यात चालवलीत तर खड्ड्याचा प्रत्येक दणका पाठीत बसतो, टायर मधोमध झिजतो.

दोनच बदलू नका. तुमची फोर बाय फोर लागली की पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जखडले जातात. नवे-जुने टायर मिसळले की घेर वेगळा, आणि तो ताण दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत जातो. चारही घ्या, स्टेपनीसुद्धा त्याच साइजची हवी.

जांभ्याची_वाट:
हवेचा मुद्दा मान्य. पण मग हवा नीट ठेवा असं सांगायचं, टायरच नको असं का? सकाळी गार टायरमध्ये हवा भरायची, तासभर चालवून पुन्हा बघायची. साधारण चार ते सहा पीएसआय वाढली तर ठीक. त्याहून जास्त वाढली तर मुळात हवा कमी होती किंवा वजन जास्त होतं. गरम टायरमधली हवा मात्र काढायची नाही. हे ज्याला जमतं त्याने एलटी जरूर घालावा.

नेरूळवासी:
आणि ज्याला जमत नाही त्याने काय करायचं? दर वेळी कॅराव्हॅन जोडली की हवा वाढवा, सोडली की कमी करा. नोकरी करणारा माणूस शुक्रवारी रात्री घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून सुटून निघतो, हो.

खारघर_भटकंती:
ते तर एचटीलाही करावंच लागतं. वजन जोडलं की मागच्या टायरची हवा भरल्या गाडीच्या आकड्यावर न्यायचीच, टायर कुठलाही असो.

पण एवढं सगळं लिहून कॅराव्हॅनच्या टायरचं कोणीच विचारलं नाही. घोडबंदरकर, तिच्या साइडवॉलवर काय लिहिलंय ते बघाल का? लोड इंडेक्स आणि त्या लंबगोलातला चार आकडी नंबर, दोन्ही.

घोडबंदरकर:
आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. १६५/८० आर१३, लोड इंडेक्स ८३. तारखेचा नंबर बाहेरच्या बाजूला नव्हता, वाकून आतून वाचला: ३२१८. नक्षी जवळजवळ नवी आहे. रबराला बारीक भेगा दिसतायत, नख घातलं तर उघडतात. बनवणाऱ्याने दिले तेच टायर आहेत.

तुर्भे_टायर:
३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी बघू नका, हे टायर गेले. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकाच जागी उन्हात उभे राहून मरतात. सहा वर्षांच्या पुढे मी ट्रेलरवर ठेवतच नाही.

खारघर_भटकंती:
आणि ८३ म्हणजे ४८७ किलो. दोन टायरचे ९७४. कॅराव्हॅनचे १२०० आणि त्यातले गोळ्यावरचे १२० वजा, तरी चाकांवर १०८० उरतात. म्हणजे तुम्ही रोजच मर्यादेच्या वर आहात. गाडीच्या टायरवर आपण इतका वाद घातला, आणि कमी पडतोय तो हा. कमीत कमी ९१ घ्या, ६१५ किलोचा. छोट्या मालवाहू गाड्यांचे जाड प्लायचे टायर तेरा इंचात मिळतात, मात्र त्यांना हवा जास्त लागते. तेवढी रिम सोसेल का ते आधी विचारून घ्या. एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरचा एक टायर फुटला की सगळी कॅराव्हॅन त्या बाजूला बसते आणि गाडीचं शेपूट ओढते. तिची वेगळी स्टेपनी आहे ना?

घोडबंदरकर:
स्टेपनी आहे, तीही त्याच वर्षाची. हे पाहून झोप उडाली, पण ताई, बरं झालं विचारलंत. पुढचा दौरा रद्द. कॅराव्हॅनला आधी तीन टायर, लोड इंडेक्स ९१ च्या पुढचेच. गाडीला मूळ साइजमध्येच, एलटी नसलेले, ११० च्या वरचे एटी घ्यावेत असं मन म्हणतंय. बागेतली वाट मी टाळू शकत नाही.

जांभ्याची_वाट:
योग्य. एलटी नाही तर नाही, नक्षी तरी कामाची मिळाली.

नेरूळवासी:
कॅराव्हॅनच्या टायरचं ताईंचं शंभर टक्के बरोबर. पण एटीवर मी अजून तयार नाही. जूनमध्ये कसाऱ्याच्या उतारावर थांबावं लागतं, आंब्याच्या बागेत नाही. घेणारच असाल तर पहिल्या पावसात रिकाम्या रस्त्यावर, कॅराव्हॅन न जोडता, चाळीसच्या वेगाने ब्रेक मारून बघा, मग जोडून बघा. दोन्ही अंतरं इथे लिहा. त्यावर पुढचं बोलू.